इस्त्री केलेले निरोप

प्राचार्यांना वाटलं, आपण मोठीच चलाखी केली.

"दोघी एकाच घरातल्या," ते स्टाफरूममध्ये हात चोळत म्हणाले. "एक नणंद, एक भावजय. एक आपल्या कॉलेजात, दुसरी समोरच्या शाळेत. संध्याकाळी चहा पिता पिता लिहून टाकतील."

ज्यांना माहीत होतं ते आपापल्या कपात डोकावून बघत बसले. नणंद-भावजय एकाच घरातल्या होत्या हे खरं. पण चहा सोडाच, एकमेकींकडे त्या गेली कित्येक वर्षं सरळ बघतही नव्हत्या. पण प्राचार्यांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे झालं नाही.

काम असं होतं. शिक्षक घडवणारं हे कॉलेज आणि मैदानापलीकडची शाळा मिळून नवा अभ्यासक्रम सुरू करणार होते. आजवर शिकाऊ शिक्षक कॉलेजात पुस्तकं घोकायचे, थोडे दिवस शाळेत येऊन खडू उडवायचे आणि प्रमाणपत्र घेऊन पसार व्हायचे. आता त्यांनी वर्षभर शाळेतच राहायचं, वर्गशिक्षिकेच्या बरोबरीनं शिकवायचं. कॉलेजच्या प्राध्यापकांनीही अधूनमधून मुलांसमोर उभं राहायचं. आणि नवा शिक्षक घडवायचा तो दोन्ही घरांनी मिळून. उद्घाटनाला पाहुणे येणार होते. त्याआधी या सगळ्या खटाटोपाची मूल्यं आणि उद्दिष्टं एका पानावर लिहून भिंतीवर लावायची होती. ती लिहायची कॉलेजच्या मॅडमनी आणि शाळेच्या बाईंनी. मॅडम म्हणजे नणंद, बाई म्हणजे भावजय. आणि शिकाऊ शिक्षकांच्या वतीनं एक जण हवा म्हणून रेडिओ.

रेडिओ हे तिचं नाव अर्थातच नव्हतं. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि बंद करायचं बटण कुठे आहे ते कुणाला सापडलं नव्हतं, म्हणून वर्गानं पहिल्याच आठवड्यात बारसं उरकलं होतं. आईनं ते ऐकलं तेव्हा म्हणाली, "चला, मला सुचलं नव्हतं ते लोकांना सुचलं."

नणंद-भावजयीच्या अबोल्याचं मूळ एका शब्दात होतं. फार पूर्वी मॅडम बाईंचा पाठ बघायला शाळेत आल्या होत्या, आणि त्याच संध्याकाळी, भरल्या ताटावर, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "वहिनीची मुलांवर पकड छान आहे. शिकवणं मात्र जुनाट." बाईंनी वाढता वाढता उत्तर दिलं होतं, "ज्यांनी पाण्यात पाय घातला नाही त्यांनी पोहण्यावर प्रबंध लिहावेत." त्यानंतर दोघींमधलं सगळं दळणवळण बाईंच्या नवऱ्यामार्फत चालायचं. ते मॅडमचे थोरले भाऊ. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं.

पहिली बैठक झाली ती नव्या जोडखोलीत. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत, त्यामुळे अजूनही रबरी चेंडूंचा वास येत होता. एक दार कॉलेजच्या व्हरांड्यात उघडायचं, दुसरं शाळेच्या मैदानात. मधे दोन टेबलं जोडून एक केलं होतं. एक कॉलेजनं दिलेलं, एक शाळेनं. दोघांच्या उंचीत बोटभर फरक होता, त्यामुळे मधोमध ठेवलेलं काहीही एका बाजूला घसरायचं.

मॅडमनी पेन उघडलं. "विचार, सुरुवात कुठून करायची."

"कुणाला विचारू?" रेडिओ म्हणाली. खोलीत ती धरून तिघीच होत्या.

"समोर बसल्यात त्यांना."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "सांग त्यांना, आम्ही जुनाट माणसं. नव्या माणसांनी सुरुवात करावी."

रेडिओनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. लहानपणी तिची आई आणि आजी भांडल्या की स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामधली टपालसेवा हिच्याकडेच असायची. 'सांग तुझ्या आजीला, नळ मीच बंद करायचा का दरवेळी,' असा निरोप निघायचा आणि बाल्कनीत पोचेपर्यंत त्याचा, 'आजी, आई म्हणते नळ तुझ्यासारखा घट्ट कुणालाच बंद करता येत नाही,' असा व्हायचा. निरोपाला थोडी इस्त्री केली की तो अंगाला टोचत नाही, हे तिला बाराखडीच्याही आधी कळलं होतं.

मॅडमनी पहिलं उद्दिष्ट लिहून रेडिओच्या हाती दिलं आणि आपल्या दारानं निघून गेल्या. बाईंनी चष्मा नाकावर चढवून वाचलं, "चिंतनशील व्यावसायिकतेच्या अधिष्ठानावर परिवर्तनक्षम अध्यापनव्यवहाराची सहभागी जडणघडण करणे." मधे त्यांना एकदा श्वास घ्यावा लागला. "हे वाक्य आहे की मालगाडी? सांग तुझ्या मॅडमना, वर्गात एखादं पोर भडाभडा ओकतं तेव्हा ही मालगाडी कुठल्या रुळावर उभी करायची?"

रेडिओ मैदान ओलांडून गेली. जाता जाता इस्त्री तापली.

"मॅडम, बाई म्हणाल्या वाक्याचा पल्ला फार मोठा आहे. वाचताना त्यांना दम लागला. फक्त वर्गात एखादं मूल ओकलं तर त्या क्षणी शिक्षकानं यातलं काय करायचं, हे तुमच्याकडून समजून घ्यायचंय त्यांना."

मॅडम पेन चावत थांबल्या. असा प्रश्न त्यांना कुठल्याही परिसंवादात कुणी विचारला नव्हता. "ओकलं तर?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी अख्खं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं : 'शिक्षकानं आधी मुलाकडे बघावं, मग धड्याकडे.'

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "हे तिनं लिहिलं?"

"हो."

"स्वतः?"

"माझ्यासमोर."

"सांग..." बाईंनी कागदाची कड सारखी केली. "सांग, ठीक आहे म्हणावं."

आणि रेडिओनं पलीकडे जाऊन सांगितलं, "बाईंना शब्दच सुचेना."

मग काय, गाडी सुटली. बाईंनी लिहिलं, 'शिक्षकाला दोन तोंडं नसावीत, मुलांसमोर एक आणि स्टाफरूममध्ये दुसरं.' मॅडम फणकारल्या, "हे मूल्य आहे की टोमणा?" शाळेत पोचेपर्यंत त्याचं झालं, "मॅडम विचारतात, एवढी धार कुठून आणता?" बाई लाजल्या, म्हणाल्या जरा बोथट करते, आणि शेवटी ते 'शिक्षकानं खरं बोलावं, अवघड असलं तरी' असं ठरलं. रेडिओनं तेच सगळ्यात वर, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. लिहिताना तिचा हात जराही कापला नाही. पाठोपाठ 'कुणी एकट्यानं शिक्षक होत नाही' आलं, 'जो शिकवतो त्यानं शिकणं थांबवू नये' आलं. पान भरत चाललं. प्राचार्य जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? घरचीच माणसं!"

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण मॅडम विरघळल्या आणि घोटाळा झाला.

मॅडमना निवडुंगांचा नाद होता. त्यांच्या खिडकीत ओळीनं कुंड्या होत्या आणि त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. एके दिवशी त्यांनी त्यातली एक उचलून रेडिओच्या हातात ठेवली. "वहिनीला दे. फूल आलंय याला. वर्षातून एकदाच येतं."

'त्यांना'ची 'वहिनी' झालेली ऐकून रेडिओला मैदानभर नाचावंसं वाटलं. बाई मात्र कुंडी बघून दचकल्या.

"निवडुंग? मला?"

"फूल आलंय त्याला."

"अगं, वन्सं एक वेळ दात काढून देतील, पण कुंडी द्यायच्या नाहीत." बाईंनी कुंडी टेबलावर ठेवली, खुर्चीत बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांग. बरं आहे ना त्यांना?"

आता इथे 'हो' म्हणायला काय झालं होतं? पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग वन्सं एवढ्या गोड का वागतायत? आणि त्याचं उत्तर रेडिओच्या इस्त्रीपाशी जाऊन थांबणार. मधल्या सुट्टीची घंटा वाजत होती, पोरं आरडाओरडा करत जिन्यावरून सुटली होती, आणि रेडिओच्या तोंडून निसटलं, "हल्ली जरा... बरं नसतं त्यांना."

"जरा म्हणजे?"

"त्या कुणाला सांगत नाहीत."

हे एका अर्थी खरंच होतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण बाईंचा चेहरा असा पडला की रेडिओला वाटलं, आपण काचेचं काहीतरी हातातून सोडलंय आणि ते अजून जमिनीवर पोचायचंय.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिशवीतून एक लोकरीची शाल काढली. स्वतः विणलेली, निळी, कडेला पांढरी वेल. "त्यांना दे. आणि म्हणावं, पंख्याखाली बसू नका."

मॅडमनी शाल मांडीवर पसरली आणि वेलीवरून बोट फिरवलं. "ही वहिनीची स्वतःची आहे. तिनं घातलेली मी पाहिली आहे." मग एकदम त्यांनी चष्मा काढला. "माणूस आपल्या आवडीच्या वस्तू कधी वाटायला लागतं, ठाऊक आहे तुला?"

"कधी?"

"आवराआवर करायची वेळ येते तेव्हा. काय झालंय वहिनीला? डॉक्टर काय म्हणतात?"

रेडिओनं तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यातून काहीही बाहेर पडलं नाही. मॅडमना तेवढं पुरलं. त्यांनी शाल अंगावर घेतली आणि भर उकाड्यात तशाच बसून राहिल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून बोलावणं आलं.

दुकान चिंचोळं होतं. दोन्ही भिंतींवर रिकाम्या फ्रेमांच्या रांगा, समोर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. काका, म्हणजे बाईंचे यजमान, एका काचेची कड घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बायको दोन रात्री झोपलेली नाही. म्हणते, वन्संचं काही खरं नाही. आज सकाळी बहीण दुकानात आली. म्हणाली, दादा, लपवू नकोस, वहिनीला कुठे दाखवतोस? मी दोघींना बघितलं. दोघी ठणठणीत. नखात रोग नाही. मग विचारलं, हे तुम्हाला कळलं कुठून? दोघींनी तुझं नाव घेतलं."

रेडिओनं सगळं सांगितलं. मालगाडीपासून शालीपर्यंत. सांगता सांगता तिचाच आवाज तिला परका वाटायला लागला. काकांचे खांदे हलत होते. तिला वाटलं रडतायत की काय. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले तेव्हा कळलं की हसून हसून पाणी आलंय.

"मी इतकी वर्षं निरोप जसेच्या तसे पोचवले," ते म्हणाले. "कानामात्रेचा फरक नाही. प्रामाणिक माणूस ना मी! त्याचं फळ बघतेयस." मग हसू आवरून त्यांनी काच खाली ठेवली. "पण पोरी, आता सांगून टाक. दोघी मनातून फार घाबरल्यात. ही चेष्टा राहिलेली नाही."

"तुम्ही सांगाल का, काका?"

"मी? छे! तू सांगून आपल्या घरी जाशील. मला त्याच घरात राहायचंय."

शेवटच्या बैठकीला रेडिओ लवकर जाऊन बसली. मनात वाक्य तयार केलं होतं. पण बोलायला फट मिळेल तर ना!

दोघी दोन दारांतून एकाच वेळी आत आल्या. मॅडमच्या अंगावर निळी शाल. बाईंनी आधी जाऊन पंखा बंद केला.

"बसा ना, वन्सं."

"आधी तू बस, वहिनी. उभी राहू नकोस."

"मी बसते हो. तुम्ही टेका."

"खुर्ची पुढे घेऊ? वाकू नकोस तू, मी घेते."

"अहो, मी घेते! तुम्ही जपा स्वतःला."

"मी कशाला जपू? तू जप."

"मला काय धाड भरलीय?"

"मग मला तरी काय झालंय?"

दोघींच्या माना हळूहळू वळल्या आणि टेबलाच्या मधोमध, जिथे ती उंचीची पायरी होती, तिथे बसलेल्या रेडिओवर स्थिरावल्या.

तयार केलेलं वाक्य केव्हाच उडून गेलं होतं. "मीच," ती म्हणाली. "सगळं मीच."

आणि तिनं सांगितलं. या वेळी इस्त्री न करता. 'मालगाडी' हा शब्द आला तेव्हा मॅडमच्या भुवया वर गेल्या, 'टोमणा' आला तेव्हा बाईंच्या.

पुढे जे झालं ते त्या खोलीतलं पहिलं खरंखुरं सहकार्य होतं. दोघींनी मिळून तिला असं झापलं की मैदानावरची कबुतरं उडाली. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती.

"तुला कल्पना आहे का, की मी रात्रभर..."

"...आणि मी डॉक्टरांची वेळ घेऊन बसले!"

"बिनडोक मुलगी!"

"बिनडोक नाही, वहिनी. डोकं चिक्कार आहे. बेजबाबदार."

"बेजबाबदार!" बाईंनी दुरुस्ती ताबडतोब मान्य केली.

शिक्षा काय द्यावी यावर मात्र मतभेद झाले. मॅडम म्हणाल्या, लेखी खुलासा घेऊ. बाई म्हणाल्या, "लिहून नका घेऊ. लिहायला बसली की आपल्यालाच रडवेल. वर्गात उभी करा." मॅडमनी क्षणभर विचार केला आणि, बघणाऱ्याचा विश्वास बसणार नाही इतक्या सहज, म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं."

तेव्हा दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात, पूर्वतयारीशिवाय, रेडिओचा पाठ ठरला. विषय : खरं बोलणं. शेवटच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी.

"माझी एक मैत्रीण होती," रेडिओनं सुरुवात केली.

मागून बाई खाकरल्या.

"म्हणजे मी," रेडिओ म्हणाली, आणि वर्ग एकदम सरसावून बसला.

शाळेच्या इतिहासात कुठल्याही धड्याला पोरांनी इतके कान दिले नसतील. निरोप कसा निघायचा आणि कसा पोचायचा, हे तिनं आवाजासकट करून दाखवलं. पोरं हसून लोळली. मग तिनं आजारपणाचं सांगितलं आणि हसू हळूहळू विरलं.

सुटलेली वेणी चघळत बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. "पण ताई, तुम्ही खोटं बोलला नसतात तर त्या दोघी बोलल्याच नसत्या ना?"

सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या बाकावरच्या दोघी छताकडे बघत होत्या.

"मग खोटं बोलावं की नाही?" मुलीनं सोडलं नाही.

रेडिओकडे उत्तरं नेहमी तयार असत. आताही तीनचार जिभेवर आली, चांगली गुळगुळीत. ती तिनं गिळली.

"मला वाटायचं, मी त्यांच्यासाठी करतेय," ती सावकाश म्हणाली. "पण खरं सांगू? मला मजा यायची. दोघींना माझ्याशिवाय एक शब्द बोलता येत नव्हता. त्या आपण होऊन बोलायला लागल्या असत्या तर माझी गरजच उरली नसती. म्हणून मी त्यांना समोरासमोर बसवायचं कधी मनावरच घेतलं नाही. आणि शेवटी काय झालं, तर दोन माणसं घाबरली. खूप घाबरली. ते माझ्यामुळे."

"मग सॉरी म्हणालात?"

रेडिओच्या लक्षात आलं की ती रडली होती, ओशाळली होती, खूप बोलली होती. पण ते एवढंसं म्हणायचं राहिलंच होतं. ती बाकांच्या मधून मागे गेली. "मॅडम, बाई, माझं चुकलं. मला माफ करा."

बाईंनी नुसती मान हलवली. मॅडमनी शालीचं टोक उगाचच नीट केलं.

तेवढ्यात खिडकीजवळचा एक जाडा मुलगा, जो एरवी कशातच लक्ष घालत नसे, म्हणाला, "आणि त्या दोघी म्हणाल्या का एकमेकींना सॉरी?"

"तो पाठाचा भाग नाही," बाई म्हणाल्या.

"प्रश्न अगदी योग्य आहे," मॅडम म्हणाल्या. "मुलांनी विचारलं की पाठ तिकडे वळतो."

"मग द्या ना उत्तर."

"तुझा वर्ग आहे, वहिनी. तू दे."

वर्ग श्वास रोखून बघत होता. आणि घंटा झाली. घंटेनं पोरांना वाचवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. इतक्या मोठ्या बायकांना वाचवलेलं मात्र पहिल्यांदाच दिसत होतं.

जोडखोलीत परतल्यावर रेडिओनं धीर करून तोंड उघडलं. "एक मूल्य राहिलंय, असं मला वाटतं. मुलांनी विचारलेला प्रश्न टाळू नये."

दोघींनी तिच्याकडे असं बघितलं की कुणी दुसरी असती तर मैदानापलीकडे पळाली असती. मग मॅडमनी मुकाट्यानं कागद ओढला आणि बाईंनी मुकाट्यानं पेन दिलं. ओळ लिहून झाली. "आता बाहेर जा," मॅडम म्हणाल्या. "गुण ठरवायचेत."

रेडिओ मैदानातल्या पायरीवर जाऊन बसली. आतून आवाज चढत गेले. पूर्वतयारी शून्य, असं एक जण म्हणत होती. तयारी करायला दिली होती कुठे, असं दुसरी. फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही! फळ्याकडे बघायला पोरांना वेळ होता का? अहो वन्सं, ऐका तरी. तूच ऐक जरा, वहिनी. मग काहीतरी हळू बोलणं झालं, जे दारातून ऐकू आलं नाही. बरंच लांबलं ते. आणि पुन्हा मोठ्यानं, "पण फळा तो फळाच!"

शाळेचे मुख्याध्यापक लगबगीनं आले. "कोण भांडतंय आत?"

"कुणी नाही, सर. दोघी मिळून मला नापास करतायत."

मुख्याध्यापकांनी कान दाराला लावला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या.

"मिळून?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"मिळून."

सरांनी मैदानावर ओरडणाऱ्या पोरांना हातानंच गप्प बसायची खूण केली आणि चपला वाजू न देता आल्या वाटेनं परत गेले.